समुद्राकडे पाठ केलेली घरं

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचं सगळं जुनं शहर बघून झालं आणि शेवटी आम्ही तिथल्या कोळीवाड्यात आलो. बैठी, करड्या दगडाची घरं. दारं-खिडक्या सगळ्या आतल्या चौकाकडे, समुद्राकडे नुसती पाठ. मी रत्नागिरीची. आमच्याकडे समुद्र दिसणारी खोली कौतुकानं पाहुण्याला देतात. म्हणून चौकात दोरीवरचे कपडे काढणाऱ्या एका आजींना विचारलं, "घरं अशी का बांधली?"

"वाऱ्यामुळे," त्या म्हणाल्या. मग पुढचा चिमटा काढत, "आणि वाट बघणाऱ्या बाईनं त्या पाण्याकडे किती बघत बसायचं?"

लख्ख ऊन होतं, तरी त्या ओलेच कपडे काढत होत्या. "धुकं येतंय. तुझा माणूस कुठाय?"

माझा नवरा सुधीर फोटो काढायला धक्क्यावर गेला होता. मी घरांना वळसा घालून धावले. पाण्यावरून धुकं सरकत येत होतं आणि त्याचा लाल स्वेटर धक्क्यावरून पुढे पुढे चालला होता. हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटलं. समुद्राकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आईनं लहानपणीच मनावर बिंबवलेलं. इथल्या बायकाही अशाच गप्प राहिल्या असतील का?

लाल ठिपका दिसेनासा झाला तशी मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "सुधीर!"

"आलो!"

आवाज धक्क्यावरून नाही, उघड्या पाण्याकडून आला.

मी मदतीसाठी मागे वळले. या बाजूला एकाही घराला खिडकी नव्हती.