पिवळ्या रंगाखालची तीन अक्षरं

बोर्ड अजून ओला होता. दुकानासमोर दोन विटांवर टेकवून ठेवला होता. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. माझं नाव, आडनाव, खाली 'मोटर वाइंडिंग व पंप दुरुस्ती'. गाळ्याचे मालक स्कूटरवरून उतरले. आबासाहेब म्हणतात त्यांना. मोठी शेती, रस्त्याला लागून नऊ गाळे. त्यांनी बोर्ड वाचला. काखेतला पेपर काढला आणि माझ्या आडनावावर धरला.

"एवढं झाकून टाक. बाकी मस्त दिसते."

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? लोक वाचतेत ना बे. गाळा माहा हाये."

पेपर तसाच धरून उभे होते. शेजारचा किराणावाला बघत होता. त्याचं गिऱ्हाईक हसलं. माझ्या नावाला पेपर लावलेला, आणि मी हातात ब्रश पुसायचं फडकं घेऊन उभा.

ह्याच माणसाच्या विहिरीत मी तीनदा उतरलो होतो. कमरेला दोर बांधून, शेवाळावरून पाय घसरत. मोटर वर काढून, भरून, परत सोडून दिली होती. तेव्हा कोणी पेपर धरला नव्हता.

आमच्या नगरपरिषदेचा नियम असा. बोर्ड लावायचा तर अर्ज, मोजमाप, फी, बोर्डाचा फोटो आणि जागामालकाची ना-हरकत. बोर्ड कोणत्या भिंतीवर लागणार हेही मालकाच्या पत्रात लागतं. पत्र नसेल तर परवानगी नाही. परवानगी नसेल तर गाडी येऊन बोर्ड काढून नेते. म्हणजे सगळं आबासाहेबांच्या सहीवर होतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

मी तापट माणूस आहे. खामगावला तांब्याची तार घ्यायला जातो तेव्हा व्यापारी मला थंड करायला आधी चहा मागवतात, मग भाव सांगतात. दुसऱ्यांच्या दुकानात अकरा वर्षं मोटरी भरून मी हे दुकान टाकलं होतं. तुम्हाला वाटेल, मी तो पेपर फाडला असेल.

मी भाव केला.

आधी ते मला गल्लीची भिंत देणार होते. तिथं लोक लघवीला उभे राहतात. मी म्हणालो, "रस्त्याकडची भिंत लिहून द्या. आडनाव काढतो."

आबासाहेब हसले. "हुशार हायेस." स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून पत्र तिथंच लिहून दिलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण वाटलं.

पेंटर चाचा म्हणाले, अक्षरं ब्लेडनं घासून काढावी लागतील, त्याचे पैसे वेगळे. मी त्यांच्याशीही घासाघीस केली. म्हटलं, तसाच पिवळ्याचा एक हात मारा. ते म्हणाले, "आईल पेंट हाये भाऊ. आज दबते, पण मरत नाही." मी ऐकलं नाही. फोटो त्याच दिवशी द्यायचा होता.

माय गावाकडून यायची होती. दुकान तिनं पाहिलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, पण आडनाव येत होतं. बँकेच्या फॉर्मवर अंगठा नको म्हणून सातवीत असताना मी तिला सही शिकवली होती. नाव लांब, जमेना. आडनाव जमलं. तीन अक्षरं. लग्नपत्रिकेवर ती अक्षरं दिसली की बोट ठेवायची आणि म्हणायची, "हे आपलं." मी तिला सांगून ठेवलं होतं, "माय, एसटीतून उतरली की समोर पाह्य. रस्त्याकडच्या भिंतीवर आपलं नाव हाये."

आडनाव काढल्यावर तिला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणतो. खरं म्हणजे कळवायला तोंड नव्हतं.

ती बारा वाजता उतरली. मी रस्त्याकडे पाठ करून कॉइल भरत होतो. ती दुकानावरून दोनदा गेली. मग समोरच्या रसवंतीजवळ लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली. बारा ते पाच. एकदा मान वळवली तेव्हा झाडाखाली कोणी बाई बसलेली दिसली. मी परत कामाला लागलो.

आमचा रस्ता पूर्व-पश्चिम. पाचच्या सुमाराला ऊन भिंतीला घासून जातं. त्या तिरप्या उन्हात पत्र्यावरची फुगीर अक्षरं उठून आली. पिवळ्याखाली पिवळीच, पण कडा दिसत होत्या. तीन अक्षरं.

माय उठली, रस्ता ओलांडला, बोर्डाखाली उभी राहिली. आवाज आला म्हणून मी वळलो.

"हाये तं," ती म्हणाली. बोट वर होतं. "काऊन झाकलं रे?"

"धंद्यासाठी, माय."

ती पायरीवर बसली. पाणी दिलं, प्याली नाही. पेला बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मले वाटलं तू खोटं बोलला. दुकान दुसऱ्याचं हाये."

त्यानंतर ती दुकानात आली नाही. घरी जेवू घालायची, नातवंडांशी बोलायची. दुकानाचं निघालं की उठून आत जायची. दोन पावसाळ्यांनी गेली.

पण पाच वाजता ऊन यायचंच. मी चाचांकडून आणखी दोन हात मारून घेतले. अक्षरं आणखी जाड झाली. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि माझं लक्ष रस्त्यापलीकडच्या लिंबाकडे. तिथं कोणी बाई बसली की हातातली तार सुटायची. काही दिवस मी पाचला शटर ओढायचो. बायको म्हणाली, "धंदा करता का लपाछपी?"

यंदा परवान्याचं नूतनीकरण होतं. बोर्डाचा नवा फोटो पाहिजे होता. काम उरकून मोबाइलवर काढला. वेळ कोणती होती ते डोक्यात आलं नाही. नगरपरिषदेतल्या बाबूनं प्रिंट डोळ्याजवळ धरली.

"नावापुढं हा डाग कायचा हाये? साफ फोटो आणा. डाग पुसा आधी."

त्याचा दोष नव्हता. त्याला डागच दिसला. तो डाग मी स्वतः पैसे देऊन, तीन हात मारून घेतला होता.

"डाग नाही," मी म्हणालो. "आडनाव हाये माह्यं."

अर्ज त्याच्या हातातून काढून घेतला आणि सरळ आबासाहेबांच्या घरी गेलो. म्हटलं, पूर्ण नावाच्या बोर्डाचं पत्र पाहिजे. रस्त्याकडच्या भिंतीचं.

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मोडून राह्यलो."

"मंग गल्लीची भिंत घे."

मी भाव केला नाही. ते थांबले. माझ्या तोंडून भाव निघायची वाट बघत होते. मग स्वतःच उतरले. "बरं, बारीक अक्षरात लिही. कोपऱ्यात."

मी कागद पुढं केला. "नाही म्हणता ना? मंग तसंच लिहून द्या. काऊन नाही, ते लिहा. खाली सही करा."

त्यांनी पेन काढला. कागदाकडे पाहिलं. टोपण लावून पेन परत खिशात ठेवला. "गाळा खाली करा लागीन," म्हणाले. मी म्हटलं, "तेही लिहून द्या. कारणासकट."

काहीच लिहिलं नाही.

चाचांनी या खेपेला बोर्ड ब्लेडनं पत्र्यापर्यंत घासला. मी घासाघीस केली नाही. नवी अक्षरं काढली, सगळी एकाच उंचीची. बोर्ड दुकानात दोन विटांवर टेकवून ठेवला आहे. बाहेर भिंत कोरी. अर्ज मी पुन्हा दाखल केला. ना-हरकतीच्या जागी लिहिलं: मालक सही देत नाहीत आणि कारण लेखी सांगत नाहीत, कार्यालयाने त्यांना लेखी विचारावे. दर सोमवारी जातो. उत्तर नाही मिळालं की तोच अर्ज पुन्हा देतो आणि पोच घेतो. बाबू म्हणतो, "भाऊ, काही तडजोड करून टाका ना." मी शिक्का नीट उमटला का ते बघतो.

गाळा जाईल कदाचित. गेला तर बोर्ड डोक्यावर घेऊन दुसऱ्या भिंतीसमोर उभा राहीन, आणि तिथंही अर्ज याच नावानं देईन.

कामाचं टेबल मी फिरवून घेतलं आहे. आता रस्त्याकडे तोंड करून बसतो. पाच वाजता शटर उघडंच असतं.