आधी वाचा, मग पुसू

वागळे इस्टेटमधल्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं मोजकं. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला की तो तपासणीचं मशीन जोडतो आणि पडद्यावर आलेला बिघाड मालकालाच मोठ्याने वाचायला लावतो. "आधी वाचा. मग दुरुस्त करू, मग पुसू." मालकाने वाचल्याशिवाय त्याने कोणाच्याही गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसलेला मी पाहिला नाही.

माझी पाळी आली तेव्हा पडद्यावर सगळं इंग्रजी. मी चौथी शिकलेला. पण चाळीस वर्षं गाडी चालवलीय, चारचौघांत मान खाली घालणं माझ्या रक्तात नाही.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो.

मागचा टॅक्सीवाला हसला. "मग खिशात काय आहे, काका?"

मेकॅनिक हसला नाही. नियमही सोडला नाही. खाली बसून त्याने खडूने लादीवर ठळक मराठीत लिहिलं.

"उन्हात पडद्यावरचं कोणालाच दिसत नाही रे," तो टॅक्सीवाल्याला म्हणाला. "काका, हे वाचा."

मी खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही."

"बरोबर," म्हणून त्याने पाना उचलला.