होळीनंतरचं खोदकाम

नव्या बोगद्याच्या उद्घाटनाचा ब्लास्ट उडवायला मंत्रिमहोदय साडेअकराला बटण दाबणार होते, आणि नऊच्या सुमारास दशरथने मला फेसपाशी नेलं. फेस म्हणजे बोगद्याचं पुढचं टोक, जिथं दगड फोडत पुढे सरकायचं असतं. तिथं ब्लास्टसाठी होलं मारून तयार होती. फक्त दारू भरायची बाकी होती.

"साहेब, गोट्याले हात लावून पाहा."

बाकीच्या भिंती कोमट होत्या. हा दगड गार होता, आणि त्यावर बारीक थेंब.

"कालपासून असाच घामेजून राहिला," दशरथ म्हणाला. ड्रिलर म्हणून त्याने पंचवीस वर्षं काढली होती. त्याचा भाऊ त्याच वेळी खालच्या लेव्हलवर पंपावर होता. तिथं एकूण नऊ माणसं होती.

मी सर्व्हेयर. खाणीचा नकाशा खरा ठेवणं हे माझं काम. गोंदिया वेगळा झाल्यानंतर भंडाऱ्याच्या वाट्याला ज्या टेकड्या राहिल्या, त्यांतल्या एकीत आमची इंग्रजांच्या काळातली मँगनीजची खाण. दक्षिण अमेरिकेत चांदीसाठी डोंगर पोखरून वर थाटामाटाचं शहर वसवलं होतं, असं मी वाचलं होतं. आमच्याकडे शहराऐवजी एक बंगला आणि एक टेनिस कोर्ट झालं. पोखरणं मात्र तेच. ते जुने बोगदे आता पाण्याने भरले होते. त्यांच्या साठ मीटरच्या आत जायचं, तर आधी लांब, अरुंद भोक पाडून पुढचं चाचपावं लागतं. नकाशावर अंतर सत्तर होतं.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. बाहेर कुंड्यांना गेरू लावणं चाललं होतं.

"सर, ब्लास्ट थांबवा. आधी बोअर मारू."

"सत्तर मीटर आहेत. नकाशा तुम्हीच सर्टिफाय केलाय."

"दगड ओला आहे."

"खाणीत ओलं असणारच. मंत्री भंडाऱ्याहून निघालेत."

जुन्या बोगद्यांचा इंग्रजांच्या काळातला मूळ नकाशा त्यांच्यामागे फ्रेममध्ये होता. मोरपिसासारखा उत्तर दिशेचा बाण, चार रंगांची शाई. दशरथ दारातच उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "आमचा आजा इथंच होता, साहेब. तो सांगे, होळी झाली का गोरे साहेब पचमढीले जात. मोजणी बंद. मुकादम मातर खोदतच राहे."

मी फ्रेमजवळ गेलो. प्रत्येक मोजणीशेजारी बारीक अक्षरात तारीख होती. डिसेंबर. फेब्रुवारी. मार्च. मे-जून कुठेच नाही. शेवटची मोजणी मार्चची, आणि समासात दुसऱ्या हस्ताक्षरात त्याच वर्षीची नोंद: काम बंद, नोव्हेंबर. मधल्या आठ महिन्यांचं खोदकाम नकाशावर नव्हतंच. चार वर्षं मी त्या बाणाचं कौतुक करत आलो होतो.

मॅनेजरने चष्मा काढून एकेका तारखेवर बोट फिरवलं. मग त्यांनी फोन उचलला आणि खालची माणसं वर बोलावली. मला म्हणाले, "मारा बोअर."

शेवटचा माणूस वर आल्याचा निरोप मिळाल्यावरच दशरथने मशीन सुरू केलं. पाणी लागलंच तर भोक बुजवायला मी लाकडी खुंटी आणि घण घेऊन शेजारी. पहिला रॉड गेला. दुसरा गेला. तिसरा निम्मा गेला आणि मशीन एकदम पुढे हिसकलं. दशरथने रॉड ओढला. मनगटाएवढी धार माझ्या छातीवर आली. पाण्याला कुजट वास होता. तिसऱ्या घावाला खुंटी बसली.

सत्तर नव्हे, चार मीटर. एका ब्लास्टने दीड मीटर दगड सुटतो आणि मागचा तडकतो. उरलेल्यावर साहेबांच्या काळापासूनचं पाणी रेलून बसलं होतं.

"आता मंत्र्यांना काय सांगू?" मॅनेजरने विचारलं.

"बटण दाबू द्या. वायर जोडू नका."

मंत्र्यांनी बटण दाबलं. ठरल्याप्रमाणे त्याच क्षणी पलीकडच्या उघड्या खाणीत रोजचा ब्लास्ट उडवला गेला. टाळ्या झाल्या. दशरथचा भाऊ मागच्या रांगेत पेढा खात होता.

पाणी उपसायला तीन महिने लागले. उद्घाटनाची पाटी अजून आहे, नकाशाही. त्यावर मी पेन्सिलीने सहासष्ट मीटरची तुटक रेघ जोडली. तेव्हापासून कुठलाही नकाशा समोर आला, की मी आधी तारखा वाचतो, बाण नंतर. उत्तर दिशा कुठे जात नाही.