पाग फेकण्याची शहाण्णव चित्रं

...तर शर्मिलाने फोटोच्या चौकटीतली काच काढली, तिथवर काल आलो होतो. फोटो तिच्या आजोबांचा, म्हणजे दत्तारामाच्या वडलांचा. काच तिने दोन डब्यांवर आडवी ठेवली, खाली बल्ब लावला. काचेवर एक कागद, त्यावर दुसरा. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं, मग पुढचं काढताना चित्रातला हात केसभर सरकवायचा. असलं टेबल विकतही मिळतं म्हणे. तिची आई विमला भिंतीवरचा बिनकाचेचा फोटो बघत म्हणाली, “माज्या सासऱ्यांका उघड्यार ठेवलंस गो. वारो लागात तेंका.”

आम्ही हसलो. मी शेजारचा, पण शर्मिला मलाही आजोबाच म्हणते. त्या घरात हसू दोन वर्षांनी आलं होतं.

दोन हजार सहाच्या गणपतीनंतर दत्तारामाला अर्धांग झालं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आमच्या खाडीवर पाग टाकावा तर त्यानेच. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं, कडेला शिशाचे मणी. त्याच्या हातून सुटलं की पाण्यावर ताटासारखं गोल पडायचं. दुसऱ्यांचं पडायचं ते पिळलेल्या धोतरासारखं. त्यात मीही आलो. त्याचा हात कोणी शिकून घेतला नाही. आजारपणानंतर तो खाडीकडे पाठ करून बसू लागला. खुर्ची फिरवून दिली तर डोळे मिटून घ्यायचा.

शर्मिला कुडाळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. क्लासने काढून टाकलेला एक कॉम्प्युटर तिने घरी आणला. त्यात इंटरनेटवरून उतरवलेलं, चित्रं हलती करणारं ‘पेन्सिल’ नावाचं सॉफ्टवेअर घातलं, तेही फुकट. मी म्हटलं, फुकट देणारा कधीतरी दारात उभा राहणार. ती म्हणाली, नाही आजोबा, शिकणाऱ्यांसाठीच ठेवलंय ते. मात्र आधी कागदावर हात बसायला हवा. मग जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठी जमवल्या. चित्र काढायचं, मोबाईलने टिपायचं, सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावायचं. सेकंदाला बारा चित्रं. तिच्या बाबांची फेक आठ सेकंदांची. चार महिने ती शहाण्णव कागदांवर वाकून होती. वडलांची फेक तेवढी राहायला हवी, बाकी काही तिला नको होतं.

एका रविवारी दत्तारामाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर पाठमोरा दत्ताराम उभा. खांदा वळला, कंबर फिरली, जाळं सुटलं, गोल पडलं. विमलाने पदर तोंडाला लावला.

दत्तारामाने डोळे मिटले नाहीत. मान हलवली. नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा नाही. मग डावा हात उचलून तो दातांवर बोट आपटू लागला. विमलाला वाटलं, भूक लागली. ती पेज आणायला उठली. त्याने रागाने खांद्यावरचा पंचा ओढला, त्याची कड दातांत धरली आणि उरल्या अर्ध्या अंगाने कंबर फिरवली. फिरता फिरता दातांतली कड सोडली. पंचा मांडीवर पसरला.

पागाची कड दातांत धरायची असते, आणि नेमक्या वेळी सोडायची. तेवढ्यावर ते गोल पडणं. चित्रात ती कड कुठेच नव्हती, कारण शर्मिलाने ती कधी पाहिलीच नव्हती. आमच्याकडे पाग टाकणाऱ्याच्या पुढे कोणी उभं राहत नाही. सावली पाण्यावर पडली की मासा पळतो. टोपली धरून ती लहानपणापासून मागे उभी, आणि तिच्याही मागे मी. पाठीमागून दात कसे दिसणार? मी तर साठ वर्षं समजत होतो, सगळी करामत मनगटाची.

तिने शहाण्णव कागद दोरीने बांधून बाजूला ठेवले. वडलांची खुर्ची आपल्यासमोर ओढली, पंचा पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि नव्या कागदावर ‘एक’ लिहिलं. आता समोरून काढायचं होतं, सगळं पहिल्यापासून. मला राहवलं नाही. म्हटलं, अगो, इतक्या बारीक कोण बघतलो? दात नाय दिसले तर नाय दिसले. रवांदे आता, डोळे जातले तुजे.

तिने मान वर केली नाही. वडलांच्या तोंडाकडे बघत, रेघ ओढत म्हणाली, “आजोबा, आज चुकला तर बाबा मान हलवतत. फुडे चुकला तर मी कोणाक इचारू?”