घट्ट झालेलं हेल्मेट

शर्यतीच्या मैदानावर त्याला सगळे टकटके म्हणतात. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, पण ते वाचायला वेळ कुणाला आहे? ट्रॅकच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये लांबलचक टेबल, टेबलावर रांगेने हेल्मेटं आणि टेबलामागे हा माणूस. हेल्मेट उलटं करायचं, आत बॅटरी मारायची, अंगठ्याने फोम दाबत कडेकडेने फिरायचं, मग बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. पास झालं की हिरवं स्टिकर. त्याच्याशिवाय गाडीत बसायला परवानगी नाही, मग तुम्ही कुणीही असा! आणि एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही देखणं दिसलं तरी टकटके करवतीने मधोमध कापतो. आतला फोम एकदा दबला की दबला, पुन्हा उठत नाही. ड्रायव्हर हळहळतात, शिव्या घालतात. घालू देत बापडे.

शेडच्या दारात एक खुर्ची असते, तिच्यात दादा बसतो. दादा म्हणजे टकटकेचा थोरला भाऊ. वीस वर्षांपूर्वी या ट्रॅकवर त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. एका सकाळी सरावात त्याची गाडी भिंतीला धडकली. हा पठ्ठ्या हसत बाहेर आला, म्हणाला, "काही नाही रे, मुंगी चावली." टकटकेने नियमाप्रमाणे ते हेल्मेट कापलं, दुसरं दिलं, नीट तपासून वर स्टिकर लावलं. हेल्मेट तपासलं हो, पण डोकं कुणी तपासलं? दुपारी दादा पुन्हा धडकला. धडक तशी साधीच होती, पण सकाळी हादरलेल्या मेंदूला तेवढी पुरली.

तेव्हापासून दादा अर्धा इथे असतो आणि अर्धा कुठल्याशा धुक्यात. बोलतो गोड, हसतो गोड आणि दर दहा मिनिटांनी विचारतो, "आज शर्यत आहे का रे?" टकटके प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर देतो. पूर्वी कधीकधी चिडायचा. मग रात्री त्याचं त्यालाच रडू यायचं.

यंदा एका सकाळी तर ट्रॅकवर खरंच धुकं होतं. गाड्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज यायचा, जवळ यायचा आणि विरून जायचा. पलीकडचं वळण तर जगात नव्हतंच जणू. दादा खुर्चीत बसून त्या आवाजांच्या मागे मागे मान फिरवत होता, झोपेत कुणी हाक मारावी तसा.

धुक्यातून दादाची मुलगी आली. ट्रॅकवर तिला भिंगरी म्हणतात. हंगामातली शेवटची शर्यत होती. पहिल्या तिघांत आली तर मोठ्या संघात जागा नक्की. टकटकेने पुतणीच्या या दिवसासाठी किती वर्षं वाट पाहिली होती ते त्यालाच ठाऊक.

तिने टेबलावर हेल्मेट ठेवलं. कोरं करकरीत.

"तुझं पिवळं कुठे गेलं?" टकटकेने विचारलं.

"ते घट्ट व्हायला लागलं काका, म्हणून हे काढलं. लवकर बघा ना."

त्याने बॅटरी मारली, फोम दाबला, टकटक केली. हेल्मेट निर्दोष होतं. स्टिकर सोलून अंगठ्यावर घेतलं आणि हात तिथेच थांबला.

"भिंगरे, हेल्मेट वापरून सैल होतं. घट्ट झालेलं मी अजून पाहिलं नाही."

तिने हेल्मेट त्याच्यापुढे आणखी सरकवलं.

"मला शेंडी लावतेस? हेल्मेट नाही घट्ट झालं. डोकं सुजलंय तुझं. इकडे ये."

ती मागे सरकली. मग धुक्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "सकाळी सरावात पलीकडच्या वळणावर जरासं लागलं. कुणी पाहिलं नाही. मी ठणठणीत आहे काका. आजचा एक दिवस. बाबांसाठी तरी."

टकटकेचा जीव तुटला. नव्या हेल्मेटमध्ये खोट नव्हती, स्टिकर लावलं तर कुणी बोट दाखवलं नसतं. लावून टाकावं, असं त्याला एक क्षण वाटलंसुद्धा.

"शर्यत किती वाजता आहे काका?" तिने विचारलं.

"अकराला."

तिने मान हलवली, बापाच्या खांद्यावर हात ठेवला, धुक्याकडे पाहत राहिली. मग वळून, अगदी सहज, अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, शर्यत किती वाजता आहे?"

टकटकेने स्टिकर चुरगाळलं. "अकराला, बाळा," तो म्हणाला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं, आणि मैदानावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

भिंगरीने डोक्यात राख घातली. नाही नाही ते बोलली, रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मेंदूला धक्का बसलाय म्हणाल्या. "विश्रांती घेतली तर पूर्ण बरी होईल. आज दुसरा दणका बसला असता, तर मला असं सांगता आलं नसतं." भिंगरी आतल्या खोलीत झोपली.

अकराला धुकं निवळलं, गाड्या सुटल्या. टकटकेने तिच्या गाडीतून पिवळं हेल्मेट शोधून आणलं आणि कापायला घेतलं. पांढरा भुसा उडत होता. दादा खुर्चीतून उठून टेबलापाशी आला.

"कुणाचं रे हे?"

"तुझ्या लेकीचं, दादा. सकाळी आपटली. मी तिला बसू दिलं नाही गाडीत."

दादाने अर्धं हेल्मेट हातात घेतलं, आतल्या दबलेल्या फोमवरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग डोळे वर केले. असे स्वच्छ डोळे टकटकेने वीस वर्षांत पाहिले नव्हते.

"मग मला का नाही थांबवलंस?"

वीस वर्षं या प्रश्नाची टकटकेला धास्ती होती. त्याने करवत खाली ठेवली, भुशाचे हात पँटला पुसले आणि भावाचा हात धरला.

"चुकलं माझं, दादा. मी हेल्मेटच बघत बसलो. तुझ्याकडे बघितलंच नाही रे."

दादा हसला. बाहेर गाड्यांचा आवाज जवळ आला, दूर गेला, आणि त्याची मान त्या आवाजामागे वळली.

"आज शर्यत आहे का रे?"

"आहे दादा," टकटके डोळे पुसत म्हणाला. "पण आज आपल्या घरचं कुणी नाही त्यात."