गड पायला का?

आमच्या गडमामांकडे पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी मिळे, गुळाचा खडा मिळे, आणि तो खडा तोंडात विरघळायच्या आत एक प्रश्न मिळे, "गड पायला का?" पाहुण्याने नाही म्हटलं की त्याचं काम तिथंच अडलं. मग तो सोयरिकीची बोलणी करायला आलेला असो, बैल पाहायला आलेला असो, नाहीतर बांधाच्या भांडणात साक्ष मागायला आलेला असो. "उद्या सकायी वर जाऊ. खाली आल्यावर बोलू," एवढं सांगून मामा निवांत तंबाखू मळायला लागत. पाहिला म्हणून खोटंच सांगणारेही निघत. त्यांना मामा विचारत, "मंग सांगा, खालच्या दरवाज्यावरचे वाघ कोनीकडे तोंड करून हायेत?" पाहुण्याचं खोटं तिथंच उघडं पडे आणि सकाळी तोही चालू लागे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. अकोटच्या उत्तरेला काळी जमीन संपून सातपुडा चढायला लागतो, तिथं नरनाळ्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. त्यांचं खरं नाव गावातसुद्धा फार थोड्यांच्या लक्षात होतं. या गडाशी तुमचं नातं काय, असं कुणी विचारलं तर ते सरळ सांगत, "आमच्या घरान्यात कोनी तलवार धरली नाई जी, आमी इळाच धरला. पन गडावरचं पानी आमच्या वावरातून वायते. शेजारी हाओत आमी त्याचे." हे शेजारपण त्यांनी एखाद्या वतनासारखं सांभाळलं.

मी सांगतो ते दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. देवळाच्या सभामंडपातसुद्धा कापूस भरलेला असे आणि पुजारी गठ्ठ्यांवरून चढून देवापर्यंत जाई. मुंबईचे दलाल गावोगाव फिरू लागले. त्यांचं बोलणं कापसापासून सुरू होई आणि कापसाशीच संपे. मामांना याचा फार राग येई. "हे लोक आपल्याले नुसतं बोंड समजून राहिले," ते म्हणत. "आपल्या मुलखात पाहासारखं काई हाये, हे त्याइले कोनी सांगतच नाई."

म्हणून मामा सांगत. एका गलेलठ्ठ दलालाला त्यांनी छत्रीसकट वर नेलेलं मला चांगलं आठवतं. मी तेव्हा अकोल्याला कचेरीत नुकताच चिकटलो होतो आणि सुट्टीत मामांकडे आलो होतो. गडावरच्या लांबलचक तोफेपाशी मामा रंगात येत. तिचा गोळा कुठवर गेला होता ते पाहुण्याच्या गावावर ठरे. पाहुणा अकोटचा असला तर गोळा अकोटात पडे, बाळापूरचा असला तर बाळापुरात. या दलालाकडे पाहून ते म्हणाले, "मुंबईकडचा मातर समुद्रात पडला असंन." पुढं तलाव आला. त्याच्या तळाशी परीस आहे असं लोक सांगतात. घाम पुसत दलालाने विचारलं, "तो परीस अजून आहे का?" मामा म्हणाले, "नाई जी. तो आता आमच्या वावरात उतरला. तुमी तोच घ्याले आले." दलाल खो खो हसला. खाली आल्यावर सौद्याला बसताना मात्र तो मामांना 'अहो पाटील' म्हणू लागला होता.

या सगळ्यात मामी कधीच नसत. वरून उतरलेल्या माणसांना भाकरी लागे आणि ती मामींच्या चुलीवर होई. इतकी वर्षं गडाच्या पायथ्याशी राहून त्यांनी गड पाहिला नव्हता, आणि गड पायला का हे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांचं घर मातीचं होतं. दर पावसाळ्यात भिंत फुगे, आणि पाऊस सरला की मामी ती पुन्हा लिंपत बसत. कापसाचा पैसा आला तेव्हा मामांनी कधी नव्हे तो मामींच्या पक्क्या घरासाठी हट्ट धरला आणि घडीव काळे चिरे आणून अंगणात रचले. आल्यागेल्याला मामी त्या ढिगावरच बसायला सांगत. घर व्हायच्या आधीच त्या घरात राहायला लागल्या होत्या म्हणा ना.

अशात आगगाडी अकोल्याला आली. आमच्या गावच्या गाड्या मात्र नाल्यातल्या काळ्या चिखलात आसापर्यंत रुतत आणि कापूस भिजून, उशिरा, पडेल भावात जाई. रस्त्याचं काम घेतलेला गुत्तेदार गावात आला. नाल्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधायची तर घडीव दगड पाहिजे आणि खाण दूर आहे, असं त्याचं म्हणणं. गडाचा खालचा दरवाजा ओसच पडला आहे, त्याचे दगड द्या, हंगामाच्या आत मोरी उभी करतो. नाहीतर रस्ता शेजारच्या गावावरून नेतो. पंचांना हे पटलं. दरवाजाची वाट मामांच्या वावरातून जात होती, म्हणून सगळे त्यांचा होकार घ्यायला ओसरीवर आले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुत्तेदाराला विचारलं, "गड पायला का?"

पंच हसायला लागले. मामा त्यांच्याकडे वळले. "तुमी हसून राहिले, पन तुमी तरी पायला का? धोंडबा, तू सांग."

धोंडबा पंचांमधले सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "मी शंभरदा गेलो वरते. लाकडाले गेलो, गवताले गेलो, म्हैस हरपली तं तिले पाहाले गेलो."

"म्हैस पायली तुनं. गड नाई पायला."

पिढ्यान् पिढ्या गडाच्या पायथ्याशी काढलेल्या त्या माणसांपैकी नुसतं पाहायला म्हणून एकही वर गेला नव्हता. मामांनी सांगून टाकलं, "परवा समद्याइचं रोडग्याचं जेवन वरते, दरवाज्यात. मंग बोलू."

रोडग्याचं जेवण आमच्याकडे देवाच्या नावानं होतं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, देवाला दाखवायचे, मग वरण आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. स्वयंपाक वर करायचा म्हणून त्या दिवशी मामी प्रथमच गडावर आल्या. रोडगे भाजताना त्यांची नजर सारखी दरवाजावरच्या वाघांकडे जात होती. एक रोडगा चक्क करपला. मामींच्या हातचं करपलेलं मी आयुष्यात तेवढंच खाल्लं.

मामांनी दरवाजातल्या शेंदूर लावलेल्या देवीला नैवेद्य दाखवला. पंच आणि गुत्तेदार गार सावलीत पोटभर जेवले. हात धुण्याआधी मामा म्हणाले, "आता ज्यानं त्यानं बोट दाखवा, कोनता दगड काढाचा. मी आडवा येनार नाई."

कुणाचं बोट उठेना. धोंडबा वरणाने भरलेल्या आपल्या हाताकडे पाहत बसले. मग म्हणाले, "जिथं बसून देवीचं खाल्लं, तिथचाच दगड काढा म्हनू? माह्या तोंडून निंघत नाई बाप्पा."

गुत्तेदाराने शांतपणे तोंड पुसलं. "ठीक आहे. मग रस्ता त्या गावावरून जाईल. मला दगड पाहिजे, कुठूनही द्या."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी इथवरचाच विचार केला होता. दरवाजा राहिला होता आणि गावाचा रस्ता गेला होता, आणि आता सगळे पंच त्यांच्याकडेच पाहत होते.

तेवढ्यात मामींनी पदर सारखा केला. वडीलधाऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या माझ्याकडे पाहून बोलल्या, "बाबू, त्या मानसाले इचार, आंगनातले चिरे मोरीले पुरतीन का."

मला विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. मामा कसेबसे म्हणाले, "अन् तुयं घर?"

"हाये ना मातीचं. लिपता येते मले," मामी म्हणाल्या. मग दरवाजाकडे हात केला. "हे पाडल्यावर कोनाले लिपता येईन?"

हंगामाच्या आत मोरी झाली. आमच्या गावच्या गाड्या कोरड्या चाकांनी अकोल्याला जाऊ लागल्या. पुढं ती दूरची लढाई संपली, भाव कोसळले, बैलांच्या शिंगांवरची चांदी सोनाराकडे परत गेली. मामांच्या अंगणात पुन्हा चिरे आले नाहीत. पण पाहुण्यांना गड दाखवण्याच्या त्यांच्या रीतीत एक भर पडली. उतरताना ते खालच्या दरवाजात थांबत आणि छाती काढून सांगत, "हे आमच्या घरचीचं घर. आमी उगाच खालते राह्यतो." हे मामींच्या कानावर गेलं की त्या आतून फटकारत, "माह्यं काहाचं? देवीचं हाये ते." मला त्या दोघांचा किती अभिमान आहे ते मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही. अकोल्याच्या कचेरीत पुण्याकडचा एखादा नवा अंमलदार 'तुमच्या वऱ्हाडात पाहण्यासारखं काय आहे हो?' असं म्हणाला, की मी टाक खाली ठेवून मामांचाच प्रश्न मामांच्याच सुरात विचारत असे. माझ्या नोकरीतली तेवढीच काय ती मर्दुमकी.

पुढं बऱ्याच वर्षांनी मामा गेले. तेरवीला आम्ही सगळे जमलो. माझे नवे जावई अमरावतीहून आले होते, त्या घरात त्यांची ती पहिलीच वेळ. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या जुंपल्या, आम्ही निघालो, आणि मामी बाहेर आल्या. त्यांनी इतक्यात उंबरा ओलांडायचा नव्हता. आतल्या बायका त्यांना हाका मारत होत्या. मामींच्या हातात मामांची काठी होती.

"जवाईबापू, गड पायला का?"

जावई गोंधळले. "नाही, पण आता अशा वेळी... पुन्हा येईन तेव्हा पाहीन."

"बैल सोड रे," मामी गाडीवानाला म्हणाल्या. मग जावयांकडे वळल्या. "माह्यं घर पायल्याबिगर पाव्हना जात नाई."

गाडीवानाने बैल सोडले, आणि आम्ही मामींच्या मागून चालू लागलो.