रुपयातला लखपती

मागच्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता मी ब्रिस्टलमध्ये, आमच्या किचनच्या टेबलावर बसून लखपती झालो. आणि दहा वाजायच्या आत पुन्हा साधा माणूस…

सांगतो. हसायचं तेवढं हसून घ्या.

दोन वर्षं झाली, मी ऑनलाइन पोकर खेळतो. अगदी चिल्लर. पाच-दहा सेंटवाली टेबलं, जिथे कुणी फार हरत नाही आणि कुणी घरही बांधत नाही. गौरी, म्हणजे माझी बायको, शनिवारी सकाळी तिच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकला जाते. ती गेली की मी लॅपटॉप उघडतो.

खिडकीबाहेर नोव्हेंबरचं धुकं असतं. समोरच्या टेकडीवरची रंगीत घरं त्यातून एकेक करून वर येतात… आधी पिवळं, मग निळं. इकडे स्क्रीनवर पत्ते येतात, मी ते टाकून देतो. पुन्हा येतात, पुन्हा टाकून देतो. कारण चांगले पत्ते येईपर्यंत गप्प बसायचं, हाच शहाण्या माणसाचा पोकर.

पण मी नुसता खेळत नव्हतो बरं का, हिशोब ठेवत होतो! एक्सेल शीट. पोकरसाठी बाजूला काढलेले पैसे, ज्याला बँकरोल म्हणतात, ते किती झाले हे दर शनिवारी लिहायचं. एका रकान्यात डॉलर, कारण साइटवर सगळं डॉलरमध्ये. दुसऱ्यात त्या दिवशीचा डॉलरचा रेट, आणि तिसऱ्यात झाले किती रुपये.

रुपये का? अहो, पुणं सोडून सहा वर्षं झाली तरी मी दुधाची बाटलीसुद्धा रुपयांत मोजून घेतो. आणि मला एक लाख बघायचे होते. दोन हजार डॉलर म्हटलं की काहीच वाटत नाही, पण लाख म्हटलं की माणूस जरा सरळ बसतो.

ग्राफ मी रुपयांचाच काढला होता. यंदा, म्हणजे दोन हजार आठच्या वसंतात, अठ्ठ्याऐंशी हजारांवर असलेली रेघ हळूहळू वर चढत होती. कितीतरी सकाळी मी खेळ संपवून नुसता त्या रेघेकडे बघत बसलोय… चहा गार व्हायचा, तरी बघत बसायचो. काय छान दिसायची हो!

स्वतःशी एक ठरवलं होतं. लाख झाले की ऑफिसात चार दिवसांचा आठवडा मागायचा. शुक्रवार माझा. नुसत्या शनिवारच्या सकाळींत एवढं होतंय, तर अख्ख्या शुक्रवारात किती होईल!

तर त्या सकाळी आकडा आला, एक लाख नऊशे चाळीस. कित्येक महिने ड्राफ्टमध्ये पडलेली, मॅनेजरला लिहिलेली ईमेल उघडली आणि डोळे मिटून सेंड केली.

गौरीला त्या दिवशी सुट्टी होती. ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला ग्राफ दाखवला, ईमेलचंही सांगितलं. ती आधी "वा!" म्हणाली. मग जरा वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, पण तू डॉलरमध्ये खेळतोस ना? मग हे रुपयांत का?"

मी समजावून सांगायला लागलो… आणि बोलता बोलता माझाच आवाज खाली गेला.

वसंतात डॉलर चाळीस रुपयांना होता. आता एकोणपन्नास. मी ग्राफ डॉलरच्या रकान्यावर लावला. बावीसशेवरून दोन हजार साठ. रेघ मुकाट्याने खाली आली.

म्हणजे मी आठ महिने हरत होतो! दर शनिवारी दोन-चार डॉलर, एवढ्या-तेवढ्याकडे कोण बघतो. रुपया घसरत होता आणि मी इथे स्वतःची पाठ थोपटत होतो.

एकशे चाळीस डॉलरचं काही नाही, पण ईमेल गेली होती. पगार पाचव्या हिश्श्याने कमी होणार, तोही कशाच्या जोरावर? मी घाईघाईने "कृपया आधीची ईमेल विसरा" असं लिहायला घेतलं.

गौरी शेजारची खुर्ची ओढून बसली. "थांब जरा," ती म्हणाली. "खरं सांग, शुक्रवारी तुला पत्ते खेळायचेत?"

माझं लक्ष पुन्हा खिडकीबाहेरच्या घरांकडे गेलं.

"तू निम्मा वेळ खिडकीबाहेर बघत असतोस. मी लवकर घरी आले की दिसतोस ना. कसला छान दिसतोस तेव्हा…"

मला तर वाटत होतं मी खेळतोय! घरातला कर्ता माणूस काही न करता खिडकीशी बसला, तर ते बरं दिसत नाही, असंच ऐकत वाढलो आम्ही. बसायला काहीतरी कारण लागतं. मी हे कारण काढलं होतं आणि वर त्याचा ग्राफही ठेवला होता.

मग तिने कागद घेतला. घरभाडं, कौन्सिल टॅक्स, दोघांचे पगार, दरवर्षीचं भारताचं तिकीट. दहा मिनिटांत सगळं मांडलं, पौंडांत. "एवढं बाहेर खाणं कमी केलं तर भागेल आपलं," म्हणाली. दुसरी ईमेल मी पाठवलीच नाही.

सोमवारी मॅनेजरने बोलावलं. जानेवारीपासून शुक्रवार मोकळा. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, पर्सनल. त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं, बस्स.

पोकर सोडलेला नाही, पण लिहितो आता डॉलरमध्येच. रेघ खालीच जातेय, जाऊ दे.

मित्र विचारतायत, शुक्रवारी काय करणार? काही नाही रे. बसणार.

गौरी, मला नुसतं बसायला आवडतं हे तुला माझ्याआधी कळलं होतं आणि तू हसली नाहीस. थँक्यू गं.